गुणाची पोर

अहिरे सिस्टरांच्या गळ्यावर, मंगळसूत्राच्या जरा वर, एक आडवा व्रण होता. पेठ तालुक्यातल्या आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मी लॅब टेक्निशियन म्हणून रुजू झालो, त्या दिवशी मला आधी तो व्रण दिसला आणि मग सिस्टर दिसल्या. मी नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या कॉलनीत वाढलेला, वडील वीज केंद्रात. डोंगरातली नोकरी म्हणून आधीच बिचकलो होतो, त्यात हे. माझी नजर कुठे आहे ते त्यांनी ओळखलं.

‘‘बघा, नीट बघून घ्या,’’ त्या म्हणाल्या. ‘‘कोणी गळा कापला नाही आणि मी फासही घेतला नव्हता. गलगंड होता. एकोणिसाव्या वर्षी काढला. आता सगळ्यांची थायरॉइड गळ्यात असते, माझी या डबीत शे.’’

आणि पर्समधून गोळ्यांची छोटी स्टीलची डबी काढून त्यांनी ती माझ्या कानाजवळ खुळखुळवली.

सिस्टर मूळच्या बागलाणातल्या. तीस वर्षं सरकारी नोकरीत, सरकारी मराठीत बोलून बोलून त्यांची अहिराणी बरीचशी मागे पडली होती, पण ‘शे’ काही सुटलं नव्हतं. जे त्यांना मनापासून सांगायचं असे त्या वाक्याच्या शेवटी ‘शे’ यायचं. बाकीच्या वाक्यांच्या शेवटी ‘आहे’. बैठकीत त्या ‘काम सुरू आहे’ म्हणाल्या, की काम रखडलंय हे मला कळायचं.

नवरा सटाण्याला शिक्षक, मुलगा तिकडेच शिकला. त्या महिन्यातून दोनदा जायच्या. बदली मागून घेतली असती तर केव्हाच मिळाली असती. का मागत नाही, असं मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, ‘‘मागणार होते. मग एकेक बाळंतीण मधे आली. हिचं होऊ दे, तिचं होऊ दे, असं करता करता वीस वर्षं झाली.’’

त्यांच्या खांद्याला दोन पिशव्या असायच्या. एकीत लसींचा डबा. दुसरीत रजिस्टर, फाटका टॉवेल, चिवडा आणि मीठ तपासायची बाटली. थेंब टाकायचा, मिठात आयोडीन असलं तर ते निळं-जांभळं होतं, नसलं तर पांढरंच राहतं. बाकीच्यांनाही ती बाटली मिळायची, बहुतेकांच्या कपाटात ती मुदत संपेपर्यंत पडून राहायची. सिस्टर मात्र कुठल्याही घरी गेल्या की आधी चुलीकडे जायच्या. पाणी नको, चहा नको. ‘‘मीठ कुठं ठेवलंय?’’

बहुतेक घरांत खडे मीठ. ओल धरतं म्हणून मडक्यात, चुलीशेजारी, उघडं. काही घरांत तर ते धुऊन घ्यायचे, माती असते म्हणून. सिस्टर समजावून सांगायच्या: धुवू नका, झाकून ठेवा, चुलीपासून लांब ठेवा, भाजी शिजल्यावर शेवटी टाका. पुडीतलं, आयोडीनवालं घ्या. बायका मान डोलवायच्या. पुढच्या खेपेला मडकं चुलीशेजारीच असायचं. पावसाळ्यात चार महिने घरात कोरडी अशी तेवढीच जागा असते, हे सिस्टरांनाही माहीत होतं.

एका पाड्यावर एक म्हातारी होती. तिच्या गळ्याला दोन मुठींएवढी गाठ. सिस्टरांनी पदर बाजूला करून तिला आपला व्रण दाखवला. ‘‘हे बघा आजी, माझंही असंच होतं. तुमच्या सुनांना, नातींना होऊ नये म्हणून सांगते.’’

म्हातारीनं तो व्रण बोटानं चाचपून पाहिला. म्हणाली, ‘‘माझ्या आयेला होता, सासूला होता. माझ्या पोरीला बी हाय. बाई, आमच्या घरात असा गळा नसला तं माणूस परका वाटल.’’

परतीच्या वाटेवर सिस्टर माझ्या पुढे भराभर चालत होत्या. मग एकदम म्हणाल्या, ‘‘तिला मी काय सांगू? ती मला घरचं माणूस समजली असेल, आणि मी तर तो गळा काढून बसले.’’

शाळेतली गोष्ट तर मी अजून लोकांना सांगतो. सिस्टरांनी पाड्यावरच्या शाळेत मुलांना सांगितलं, की घरून चिमूटभर मीठ कागदात बांधून आणायचं. पहिल्या वेळी तीसेक पुड्यांत चार-पाच निळ्या झाल्या. ज्यांच्या झाल्या ती मुलं बक्षीस मिळाल्यासारखी नाचली. बाकीची रडकुंडीला आली. सिस्टरांनी घरोघर जाऊन आयांना सांगितलं, बाजारातल्या दुकानदाराला गळ घातली, दोन महिन्यांनी पुन्हा पुड्या मागवल्या. सगळ्या निळ्या! एकूण एक. सिस्टरांना इतका आनंद झाला की त्यांनी स्वतःच्या पैशानं सगळ्या वर्गाला बिस्किटं वाटली आणि महिन्याच्या बैठकीत उभं राहून सांगितलं, की या पाड्यावर प्रश्न सुटलेला शे.

आठ दिवसांनी शाळेत स्वयंपाक करणाऱ्या बाईंनी खुलासा केला. पोरांनी खिचडीच्या सामानातली मिठाची पुडी फोडली होती आणि सगळ्यांनी त्यातलीच चिमूट कागदात बांधली होती. सिस्टर हसल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत, पोट धरून हसल्या. हसू थांबल्यावर रजिस्टर उघडलं, त्या पाड्यासमोर केलेली खूण खोडली आणि म्हणाल्या, ‘‘पोरांना सिस्टर रडायला नको होती हो, भाऊ. बाकी काय.’’

बाजारातला तो दुकानदारही वाईट माणूस नव्हता. तो खडे मीठ गोणीनं आणायचा, कारण गिऱ्हाईक तेच मागायचं, गुरांना तेच, लोणच्याला तेच. सिस्टरांच्या आग्रहाखातर त्यानं पुड्यांचं मीठ ठेवलं. सिस्टरांनी त्यातली एक पुडी फोडून थेंब टाकला. पांढरं. दुसरी फोडली. पांढरं. वर छापलेलं तर सगळं व्यवस्थित होतं. त्यांनी नमुने बांधून वर पाठवले. उत्तर आलं, की पत्र मिळाले, योग्य कार्यवाही करण्यात येत आहे. ते पत्र त्यांनी माझ्या टेबलाच्या काचेखाली सरकवलं. माझी बदली होईपर्यंत ते तिथंच होतं.

नाशिकला एक प्रशिक्षण झालं तेव्हा त्या तिथून नवीनच काहीतरी ऐकून आल्या. जन्मलेल्या बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घ्यायचे आणि थायरॉइड तपासायचं. काही बाळांत ती ग्रंथी नीट काम करत नाही, क्वचित नसतेच. बाळ दिसायला चांगलं असतं, पण मेंदूची वाढ थांबते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत गोळी सुरू केली तर मूल इतरांसारखं वाढतं. ‘‘तीच गोळी, भाऊ,’’ त्या मला म्हणाल्या. ‘‘माझ्या डबीतली. चिमुकला तुकडा.’’

त्यांनी बैठकीत विषय काढला. आपल्याकडेही सुरू करा म्हणाल्या. साहेब म्हणाले, ते वरून यायला पाहिजे. माझ्याकडे वळून साहेबांनी विचारलं, ‘‘तुमच्याकडे होतं का हे?’’ मी खरं तेच सांगितलं. आमच्याकडे त्याचं यंत्र नाही, किट नाही. बैठक पुढच्या विषयावर गेली. सिस्टर खाली बसल्या. हे सगळं रोशनीच्या आधीचं. म्हणून तर ते सांगायला हवं.

रोशनी ही यमुना आणि काशिनाथ गावित यांची पहिली मुलगी. सिस्टरांच्याच हातावर झाली. वजन चांगलं, रंग उजळ. यमुनाच्या घरचं मीठ सिस्टरांनी गरोदरपणात तीनदा तपासलं होतं आणि तिन्ही वेळा ते निळं झालं होतं. या घराचा त्यांना अभिमान होता. यमुना सातवीपर्यंत शिकलेली, सांगितलेलं सगळं करणारी. मीठ झाकणाच्या डब्यात, फळीवर.

दीड महिन्याच्या लसीला यमुना तिला घेऊन आली, तेव्हा मी तिथंच बाकावर बसलो होतो. इतर पोरं सुई टोचल्यावर बेंबीच्या देठापासून ओरडत होती. रोशनी जरा उशिरा रडली, घोगरं रडली आणि लगेच गप्प झाली.

‘‘लय शांत हाय, सिस्टर,’’ यमुना कौतुकानं म्हणाली. ‘‘रातची एकदा बी उठत नाय. दूध पाजायला मीच उठवते तिला.’’

सिस्टरांनी रोशनीचा गाल चिमटीत धरला. ‘‘काय गुणाची पोर शे!’’ त्या म्हणाल्या. ‘‘आईला झोपू देते. नशीबवान आहेस, यमुना.’’

मी ऐकलं. मलाही त्यात काही वाटलं नाही. बाहेर रांग होती, उन्हं चढत होती, डब्यातला बर्फ वितळत होता.

दिवाळीनंतर गावित कुटुंब द्राक्षांच्या कामाला पिंपळगाव बसवंतकडे गेलं. दरवर्षी पाड्यावरची निम्मी घरं जातात. पुढच्या लसींची तारीख आली, गेली. सिस्टरांनी फोन लावला तर लागत नव्हता. मे महिन्यात ती मंडळी परत आली आणि यमुना राहिलेल्या लसींसाठी पोरीला घेऊन आली. आठ महिन्यांची रोशनी मान धरत नव्हती.

सिस्टरांनी तिला मांडीवर घेतलं. पुढचं मला एकेक करून आठवतं. त्यांनी तिची जीभ पाहिली, ती ओठांच्या बाहेर आली होती. फ्रॉक वर करून पोट पाहिलं, बेंबी फुगलेली. पायावरून हात फिरवला. मे महिन्यात ते पाय गार आणि खरखरीत होते. ‘‘शी कधी करते?’’ त्यांनी विचारलं. ‘‘चार-पाच दिवसांनी,’’ यमुना म्हणाली. ‘‘पण त्रास काईच नाय तिचा.’’

सिस्टर माझ्याकडे वळल्या. ‘‘भाऊ, रक्त घ्या.’’

नमुना नाशिकला गेला. दुसऱ्या दिवशी तिथल्या लॅबमधून फोन आला, नमुना बरोबर आहे ना, एवढा आकडा सहसा दिसत नाही. मी म्हटलं, बरोबर आहे. फोन ठेवला तेव्हा सिस्टर दारात उभ्या होत्या. 

त्या यमुनाला घेऊन नाशिकला मोठ्या दवाखान्यात गेल्या. मला घरी जायचंच होतं म्हणून मी सोबत गेलो. तपासण्या झाल्या. मुलांच्या डॉक्टर बाई शांत होत्या, घाई न करता बोलल्या. ग्रंथी तयारच झालेली नाही. गोळी आजपासून सुरू, रोज सकाळी, उपाशीपोटी, चुरून, चमच्यात. जन्मभर.

यमुनानं फक्त एक विचारलं. ‘‘बाई, माझं मीठ चुकलं का?’’

‘‘नाही, नाही,’’ डॉक्टर म्हणाल्या. ‘‘मिठामुळे हे झालेलं नाही. मीठ अगदी बरोबर असतं तरी झालंच असतं. यात तुमची काहीच चूक नाही.’’

सिस्टर भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी हळू विचारलं, ‘‘मॅडम, दीड महिन्याला कळलं असतं तर?’’

डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं. गळ्यावरचा व्रणही पाहिला असावा. ‘‘आता तो विचार नको, सिस्टर,’’ त्या म्हणाल्या. मग खोटं बोलवलं नसावं. ‘‘बरंच वाचलं असतं.’’

बाहेर व्हरांड्यात बाकड्यावर आम्ही बसलो. यमुना पोरीला पाजत होती. सिस्टरांनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

‘‘यमुना, चूक माझी शे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘ती रडत नव्हती, उठत नव्हती, तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं. मला हे शिकवलेलं होतं. आणि मी तिला गुणाची म्हणाले.’’

यमुनाला काही उमगलं नाही. तिनं सिस्टरांकडे पाहिलं, मग पोरीकडे पाहिलं.

‘‘म्हणजे?’’ ती म्हणाली. ‘‘गुणाची नाय का ती?’’

  समोरून स्ट्रेचर गेलं, त्याला वाट द्यायला आम्ही पाय आत घेतले.

गोळीचा गुण लवकर दिसला. महिन्याभरात रोशनीचे पाय ऊबदार झाले, जीभ आत गेली, ती आवाजाकडे बघायला लागली. यमुना आनंदानं सांगायची, ‘‘आता रडते सिस्टर, लय रडते!’’ सिस्टर रोज सकाळी फेरीला निघताना आधी त्या घरी जायच्या. गोळी दिली का बघायच्या. द्राक्षांचा हंगाम आला तेव्हा त्यांनी काशिनाथला बजावलं, तू जा, या दोघी इथं राहतील. तो राहिला की घर चालणार नाही आणि त्या गेल्या की गोळी चुकेल, यातला एक मार्ग त्यांनी निवडून दिला. काशिनाथ एकटा गेला. ती ओढाताण नवरा-बायकोला झेपली नाही. पुढे त्या घरात भांडणं झाली, ती सिस्टरांच्या कानावर येत होती. पण गोळी चुकली नाही.

रोशनी दोन वर्षांची होऊन बसायला लागली. साडेतीनला चालली. बोलणं मात्र आलं नाही. ‘आ’ आणि ‘बा’, आणि हसणं.

सिस्टर बदलल्या ते मी जवळून पाहिलं. मीठ तपासत होत्याच, पण लसीच्या दिवशी आता त्या प्रत्येक आईला आधी विचारायच्या, ‘‘रडते का? दणकून रडते का?’’ एखादीचं बाळ शांत असलं की त्यांचा चेहरा उतरायचा. आया घाबरायच्या. आपलं पोर रडतं ही चांगली गोष्ट आहे हे त्यांना कोणी कधी सांगितलं नव्हतं.

मग त्यांनी नवजात बाळांच्या रक्ताचे नमुने माझ्याकडे आणायला सुरुवात केली. ‘‘नाशिकला जाताय ना, घेऊन जा.’’ तिथल्या लॅबमध्ये माझा एक ओळखीचा होता, तो गुपचूप लावून द्यायचा. पाच-सहा महिने हे चाललं. सगळे नमुने नॉर्मल आले. प्रत्येक वेळी मी ‘नॉर्मल’ म्हटलं की त्या मिटलेल्या डोळ्यांनी मान हलवायच्या. मग माझ्या ओळखीच्याची बदली झाली. आमच्या वरिष्ठांनाही कळलं. परवानगीशिवाय नमुने बाहेर पाठवल्याबद्दल सिस्टरांकडे खुलासा मागितला. त्यांनी खुलासा एका ओळीत लिहिला: तपासणी आवश्यक होती. त्यानंतर एकदा त्या पुन्हा बाटली घेऊन माझ्या दारात आल्या. मी नाही म्हणालो. नियमानं ते बरोबर होतं. त्यांनी बाटलीकडे पाहिलं, ‘‘बरोबर आहे तुमचं,’’ म्हणाल्या आणि गेल्या. त्या वाक्याच्या शेवटी ‘आहे’ होतं.

पुढच्या वर्षी माझी बदली नाशिकला झाली. सिस्टर निवृत्त झाल्याचं कळलं. त्या सटाण्याला जातील असं सगळ्यांना वाटलं होतं. त्यांनी पेठेतच खोली घेतली. नवरा अधूनमधून येऊन राहतो म्हणे.

गेल्या हिवाळ्यात त्या मला दिसल्या. माझ्याच दवाखान्याच्या ओपीडीत, एका हातात फाइल, दुसऱ्या हातात रोशनीचा हात. यमुनाला दुसरं मूल झालंय, तिला वारंवार येणं जमत नाही, म्हणून वर्षाची तपासणी सिस्टर करून नेतात. दुसऱ्या बाळाचं रक्त त्यांनी तिसऱ्या दिवशीच तपासून घेतलं होतं, ते ठीक होतं. केस पांढरे झाले होते. व्रण सुरकुत्यांत जवळजवळ दिसत नव्हता.

रिपोर्ट माझ्याच हातून बाहेर आला. त्यांनी तो माझ्या हातात परत दिला. ‘‘वाचून दाखवा, भाऊ. चष्मा विसरले.’’

मी वाचला. सगळे आकडे जिथं हवेत तिथं होते.

‘‘म्हणजे नॉर्मल,’’ त्या म्हणाल्या.

‘‘एकदम नॉर्मल, सिस्टर.’’

त्यांनी रोशनीकडे पाहिलं. रोशनी माझ्या ओळखपत्राची दोरी ओढून बघत होती आणि तोंडातल्या तोंडात काही आवाज करत होती.  सिस्टरांनी कागदाची नीट घडी घातली आणि फाइलीत ठेवली.

जेवणाची सुट्टी होती. मी त्यांना सोडायला सीबीएस बसस्टँडवर गेलो. पेठची बस लागलेली होती. सिस्टरांनी रोशनीला खिडकीपाशी बसवलं, स्वेटरची बटणं लावली. मी खाली खिडकीशी उभा राहिलो. कंडक्टर तिकिटं देत त्यांच्यापर्यंत आला.

‘‘पेठ. दोन हाफ,’’ सिस्टर म्हणाल्या.

त्यानं रोशनीकडे बघितलं. ‘‘तुमचं एक हाफ. पोरीचं लागत नाही मावशी, पाचाच्या आतली आहे ना.’’

‘‘नऊ पूर्ण झाली.’’

तो हसला. माणूस चांगला होता. ‘‘अहो मावशी, लोक नऊची पाच सांगतात. तुम्ही काय उलटंच सांगता? राहू द्या, बसू द्या तिला.’’

‘‘नऊ वर्षांची शे ती,’’ सिस्टर म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण पुढच्या बाकावरच्या बायका वळून बघायला लागल्या. ‘‘हाफ तिकीट द्या तिचं.’’

कंडक्टरनं मशीनचं बटण दाबलं. सिस्टरांनी दोन्ही तिकिटं घेतली, त्यातलं एक रोशनीच्या मुठीत दिलं आणि तिची बोटं त्याभोवती एकेक करून मिटवली. बस सुटली.